बेगमची जाळी

भालकी
८ जानेवारी १९६९

चि. हावगेप्पास अमृतप्पा मामाचा आशीर्वाद.

मी परवा सांजच्याला घरी पोचलो. तुझ्या अव्वाला जेवायला घालत जा. ती तुझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही.

भीमण्णा दाजी तुझ्या अप्पाच्या, गुरप्पाच्या मातीहून परत जाताना भालकीत उतरले होते. त्यांनी तुझ्या अक्काला, रत्नीला अजून काही सांगितलेलं नाही. हुमनाबादला बैल बघायला चाललो म्हणून सांगून ते मातीला आले होते. त्यांच्या आईचं, चन्नव्वाचं म्हणणं असं पडलं की पोटुशी बाईला बाप गेल्याचं कळवायचं नाही. मागच्या वर्षी तिचं एक पोटातच गेलं, तुला ठाऊक आहे. आता सातवा सरत आलाय. मोकळी झाली की सांगू. मलाही तेच पटलं.

आता काम तुझं. कडगंचीला त्यांच्या घरात मराठी वाचणारं रत्नीशिवाय कोणी नाही, सगळा कारभार कन्नडात. म्हणजे तुझं पत्र थेट तिच्या डोळ्याखाली जाणार. गुरप्पाला लिहिता येत नव्हतं, तो तुझ्याकडूनच लिहून घ्यायचा. तसंच चालू ठेव. 'अप्पा सांगतो' म्हणून लिहीत जा. आणि थट्टा सोडू नकोस. तुझ्या पत्रात थट्टा नसली तर ती पहिल्या ओळीत ओळखील.

बाळंतपणाला तिला आणायला गुरप्पा त्याची ती वरातीची आस्टिन मोटार, बेगम, घेऊन जाणार होता. ती बिघडली म्हणून लिही. शाळेत मास्तरला इतक्या थापा मारल्यास, ह्या दोन महिने मार.

अमृतप्पा

*

नौबाद
१५ जानेवारी १९६९

अक्कास हावग्याची शरनार्थी. दाजीस्नी अन् चन्नव्वास्नी बी सांग. कन्नडात सांग, नुसती मान हलवू नको.

अप्पा माझ्या बाजूला बसून सांगायलाय अन् मी लिवायलोय. मधी मधी माझं बी घालायलोय, त्येला वाचता येत न्हाई तवर आपलं राज्य.

अप्पा सांगतो की बेगमला जरा बरं न्हाई. आईलची सुई खाली पडलीय. वरातीत नवरदेव बसला की मोठ्यानं खोकती अन् घोड्यावानी धूर सोडती. घोडा मागून सोडतो, ही चारी बाजूनं. मागल्या लग्नात नवरीची आई म्हनली, आमी लग्नाला आलाव का चुलीत आलाव? आत कीट लई साचलंय म्हनतो अप्पा. तीस वरसाचं कीट. त्यामुळं तुला आनायला यायला उशीर व्हनार. तू तोंड पाडू नको.

बाबूलाल उस्तादच्या गॅरेजात माझं चांगलं चाललंय. परवा उस्तादच्या चहाच्या केटलीच्या दांडीला मी ग्रीस लावलं. उस्तादनं केटली उचलली, केटली खाली अन् दांडी धरलेली मूठ वर. "कौन हराम का पिल्ला है बे!" म्हनला. मी बी चारी दिशेला बघितलं, कोन असंल म्हनून.

अव्वा बरी हाय. तिळाची पोळी केलती, तुझी मी खाल्ली.

हावग्या

*

नौबाद
१५ जानेवारी

मामास शरनार्थी.

लिवलं. थट्टा घातली. केटलीचं खरंच केलं मी, लिवायला पाहिजे म्हनून केलं. समदे हासले. मला हासू आलं न्हाई, तसं वाईट बी वाटलं न्हाई. मातीच्या दिवशीपासून असंच हाय, हात बधिर झाल्यावर चिमटा घेतल्यावानी. मी रडलो न्हाई म्हनून लोक काय काय बोलायलेत. बोलू दे.

अव्वा दोन घास खाती.

हावग्या

*

कडगंची
२६ जानेवारी १९६९

हावग्या,

तुझं पत्र पोचलं. केटलीचं वाचून मी एकटीच हासले, तर चन्नव्वा स्वयंपाकघरातून पळत आली, काय झालं म्हनून. कन्नडात सांगायला गेले तर निम्मी गोष्ट वाटंतच सांडली.

एक खरं सांग. अप्पा माझ्यावर रागावलाय का? पंचमीला आले व्हते तवा परत जाताना मीच म्हनले ना, त्या धुराड्यात मी बसनार न्हाई, कडगंचीत लोक हासतेत. अन् बसनं आले. अप्पा ष्टँडवर उभा व्हता, हातात बेगमची किल्ली घेऊन. बस निघाली तरी किल्ली हातातच. मला ते दिसत राहतंय. आठवा लागला अन् माहेरचं कुत्रं बी फिरकलं न्हाई. कीट कीट काय लावलंस? कीट काय आज झालंय का?

हितली मानसं लई गोड बोलायलेत. ते बी बरं वाटत न्हाई. मला उंबऱ्याभाईर जाऊ देईनात. कोनी पाव्हनं आलं की चन्नव्वा त्येला आधी दारातच गाठती, काहीतरी पुटपुटती, मग ते आत येऊन माझ्याकडं बघून हासतंय. मला वाटतंय, अप्पानं 'पोरीला आनत न्हाई' म्हनून निरोप धाडलाय अन् हे मला सांगंनात.

अप्पाला म्हनावं, इंजनाखालचं आईलचं चेंबर उतरीव. माझ्या हातचं काम व्हतं ते, आठवतंय का तुला? तू शेंबडा व्हतास. अप्पा गाडीखाली आडवा व्हऊन चेंबर सोडवायचा. मी पत्र्याच्या तुकड्यानं कीट खरवडायची, काळं, घट्ट दह्यावानी. त्येच्या बी आधी आईल गाळायची ती जाळी राकेलच्या डब्यात बुडवून बोटानं चोळायची. माझी बोटं बारीक म्हनून ते काम माझं. धुऊन झाली की अप्पा ती सूर्याकडं धरायचा, "दिसतो का बग." सूर्य दिसला तर "चहा टाक", न्हाई दिसला तर परत धू. किती बी घाई असू दे, दारात वरातवाले बोंबलत असू देत, चेंबर धुतल्याबिगर त्यानं नवं आईल कवा वतलं न्हाई.

मी बसंन म्हनावं बेगममधी. धूर सोडली तरी बसंन. एवढं सांग त्येला.

रत्नी

*

नौबाद, गुरप्पाचं अंगन
६ फेब्रुवारी १९६९

रत्नीबाईस बेगमचा सलाम.

आज पत्र मी लिववायलीय. तुमच्या भावाचं अक्षर बिघडलंय, माझं इंजन न्हाई. तेवढं सांभाळून वाचा.

मी हैदराबादची. जागीरदाराच्या दारात उतरले तवा माझ्यावर मखमल व्हती अन् हॉर्न वाजवायला येगळा मानूस व्हता. पुढं जागीर गेली, जागीरदार गेला, अन् मी गुरप्पाच्या पदरात पडले. आता नवरदेव वाहतीय. तुमी ज्येला धुराडं म्हनता ते माझं अत्तर हाय. तरी तुमी बसायला तयार झालाव, हे तुमच्या अप्पाला वाचून दाखवलं. अप्पानं माझी काच दोनदा पुसली. रागावला असता तर पुसली असती का? रागबिग काय न्हाई, बाई. तुमी उगं डोकं शिनवू नका.

आता खुशखबर. काल अप्पानं मला नवं आईल पाजलं. सोलापूरचा एक ट्रकवाला डबा ठिवून गेलाय. नुसतं गुळगुळीत न्हाई, साबनावानी आतला मळ धुतंय म्हने. मी म्हनले, गुरप्पा, आधी चेंबर? तर तुमचा अप्पा म्हनला, "ह्या वयात आडवं व्हऊन कोन खोलत बसतंय? वरूनच वतू. कीट आपल्या आपन निघून जातंय." अन् वतलं. दोन हँडलात मी सुरू झाले. खोकला गायब. नौबादच्या फाटकापतूर जाऊन आले, अप्पा शिट्टी वाजवायलता.

तुमच्या भावाला मातर काय आकल न्हाई. काल त्येनं माझ्या हॉर्नला उस्तादची सायकल बांधली. उस्तादनं पायडल मारलं की मी वरडायली.

आपली,
बेगम (काळा रंग, तीन दरवाजे लागतेत, चौथा दोरीनं)

*

कडगंची
१६ फेब्रुवारी १९६९

हावग्या,

पत्र पोचलं. परत वाचलं.

गाडी चालवू नको. फाटकापतूर बी नको. हाय तिथं उभी राहू दे.

अव्वाला सांग, मी बरी हाय, लेकरू लाथा मारायलंय. ती जेवती का? तिच्याजवळ कोन निजतंय? तू निजत जा. सकाळी गार लई पडायलंय, डोकं बांधून गॅरेजात जा.

मला आनायला येऊ नका. मी हितंच बाळंत व्हईन. कसलीच घाई न्हाई आता. मी रागाचं विचारलं व्हतं ते बी राहू दे.

तू लिवत जा. थट्टा नसली तरी चालंल.

रत्नी

*

नौबाद
२७ फेब्रुवारी १९६९

मामास शरनार्थी.

अक्का रुसलीय. चार ओळी लिवली, आनायला येऊ नका म्हनती. तिला काय बी कळालं न्हाई, तुमी काळजी करू नका.

दुसरं, बेगम गेली. झालं ते सांगतो.

सोमवारी उस्तादनं मला सुट्टी दिली. घरी अव्वा भिताडाकडं तोंड करून बसलती. मी बेगमला हँडल मारलं अन् निघालो. हुमनाबादचा रस्ता धरला. कुठं निघालो ते मी मला विचारलं न्हाई, पन मामा, तो रस्ता कडगंचीलाच जातो. अक्काला सांगायला म्हनून न्हाई. नुसतं तिच्या दारात जाऊन उभं राहावं वाटलं. उभा राहिलो असतो तर तोंडातून निघालं असतं का, मला ठाव न्हाई.

बेगम आधी गुमान चालली. मग आईलची सुई हलायली. मग पडली. मला दिसत व्हती. मी बघत व्हतो अन् पाय उचलत नव्हतो. खालून ठकठक यायली, कोनी आतून दार वाजवल्यावानी. मग एक मोठा आवाज झाला अन् चाकं जाग्यावर धरली. जाम. हँडल बी फिरंना.

मी फुटबोर्डावर बसलो. दोन बैलगाड्या गेल्या. एक म्हातारा म्हनला, काय झालं रं? मी म्हनलो, इंजन मेलं. तो म्हनला, अरारा. अन् गेला. अप्पाच्या मातीला लोक एवढंच म्हनलते.

उस्तादनं ट्रकला बांधून बेगम ओढून आनली. चेंबर खाली घेतलं. कीट जसंच्या तसं, अन् नव्या आईलनं त्येची ढेकळं सुटलेली. उस्तादनं आत हात घातला, काढला, परत घातला. म्हनला, "अरे इसमें जाली च नहीं है! बिना जाली के चलाया तू? सीधा कचरा पिया ना इंजन! कौन खोला था इसको?"

अप्पानं खोललं व्हतं. तो गेला तवा चेंबर अंगनात खाली पडलेलं व्हतं, गाडी दगडावर. मानसं यायली, अप्पाला मातीआधी बसवून ठिवायला जागा न्हाई. म्हनून मीच चेंबर व्हतं तसं चढवलं अन् गाडी ढकलून भाईर काढली. हाताला काम पाहिजे व्हतं. आत काय हाय, काय न्हाई, मी बघितलं न्हाई. जाळी कुठं गेली, कोनाला ठाव.

उस्ताद मला मारंल असं वाटलं. त्यानं मारलं न्हाई. "जा बेटा, मुँह धो" म्हनला. मी धुतलं. तरी काय वाटलं न्हाई.

अक्काला काय लिवू? लिवलं तर अप्पानं बेगम मारली असं व्हईल. म्हनून लिवत न्हाई. ती मोकळी व्हईपतूर गप बसतो.

हावग्या

*

कडगंची
२३ मार्च १९६९

हावग्या,

पोरगी झाली. बरी हाय. मी बी बरी हाय. केस लई हाईत, अन् कपाळावर आठी पडती, थेट तशीच.

काल पोरीचा बारावा दिस झाला. चन्नव्वानं न्हाऊ घातलं, डोकं पुसलं, अन् मला म्हनली, रत्नम्मा, तुला एक सांगायचंय. दाजी दारात येऊन उभे राहिले, खाली बघत. मला त्यांची दया आली. किती दिवस झाकत व्हते बिचारे. दाजी त्या दिवशी बैल बघायला गेले अन् कपाळाला मातीच्या दिवसाची इभूत लावून परत आले. पुसायचं इसरले. बैलाबद्दल विचारलं तर म्हनले, दात बरे नव्हते. तवा मला काय सुचलं न्हाई.

मी म्हनले, अत्ती, मला ठाव हाय.

बेगमचं पत्र आलं ना तुझं, त्या दिवशीच. हासत हासत वाचायले. आईल वरून वतलं, इथं आले अन् थांबले. परत वाचलं. अप्पा नवाबाचा जावई झाला असता, बेगम इकून दारू पिला असता, तरी मी इश्वास ठिवला असता. पन चेंबर न खोलता आईल वतनारा मानूस आपला अप्पा न्हाई. कंबरंत उसन भरली व्हती तवा बी त्यानं मला खाली सरकवून खोलून घेतलं. तर मग आईल वतलं कोनी? हावग्यानं. हावग्या बेगमला हात लावतोय अन् अप्पा लावू देतोय? मग अप्पा न्हाई.

मग पाव्हन्यांचं पुटपुटनं, दाजींची इभूत, समदं आपापल्या जाग्यावर बसलं.

मी उठले, तव्यावर भाकर टाकली. ती फुगली. मी उलटली. चन्नव्वा आत आली, काय लिवलंय भावानं, म्हनली. मी हॉर्नची अन् सायकलची गोष्ट सांगितली. हासली बिचारी. त्यांनी माझ्यासाठी एवढं झाकलं, मला वाटलं, आपन बी झाकू. पोटातल्याला हादरा नको म्हनून मी रडले न्हाई. आता मोकळी झाले, आता रडू म्हनलं, तर येईना. दूध येतंय, रडू येईना.

तू आता थट्टा बंद कर. अन् अप्पा सांगतो म्हनून लिवू नको. तू सांग. कसा गेला? कुठं ठिवलं? अन् ती एक गोष्ट. रागात गेला का रं माझ्यावर? मी त्येच्या बेगमला धुराडं म्हनले व्हते.

पाळन्याला ये. बसनं ये.

रत्नी

*

नौबाद
२९ मार्च १९६९

अक्का,

मी सांगतो.

नौबादच्या मागं आपल्या लोकांच्या जागेत, आपल्या रीतीनं मातीत ठिवलं. बसवून. बेलाची पानं मामानं घातली. माती मी दिली. तीन मुठी दिल्या अन् हात झाडले.

बेगम मी मारली. तू चालवू नको लिवलीस, मला वाटलं रुसलीय. चालवली. जाम झाली. उस्ताद म्हनला, आत जाळी नव्हती. मी महिनाभर म्हनत राहिलो, जाळी गेली कुठं. अप्पा कवा काय हरवत नव्हता.

तुझं पत्र काल आलं. वाचलं अन् अंगनात उठून गेलो. अव्वाला पयल्यांदा विचारलं, अव्वा, त्या दिवशी अप्पा काय करायलता? आजपतूर मी इचारलंच नव्हतं बग. ती बी बोलली नव्हती. ती म्हनली, सकाळपासून गाडीखाली व्हता. म्हनला, रत्नीला आनायचंय, ह्या खेपंला धूर निघाला न्हाई पाहिजे, पोरगी लोकात लाजती. चेंबर उतरवलं. मग बसला, राकेलच्या डब्यात काहीतरी घासत. लई येळ. मग उठला, उन्हात गेला, अन् तिथून मला वरडून म्हनला, "चहा टाक."

अव्वानं चहा टाकला. चहा उकळला तवर तो फुटबोर्डावर बसल्या बसल्या गेला व्हता. मान खाली, हात मांडीवर. अव्वाला वाटलं डुलकी लागली. तो चहा कोन पिलं मला आठवत न्हाई. मीच पिलो असंन.

मी डबा हुडकला. भिताडाच्या देवळीत व्हता, वर अप्पाचं मुंडासं झाकलेलं. मातीच्या दिवशी कोनी तरी अंगन झाडताना उचलून ठिवला असंल. राकेल समदं उडून गेलतं. तळाला जाळी.

अक्का, आता तूच हिशेब लाव. त्यो उन्हात गेला. अन् मग म्हनला, चहा टाक.

मला अजून रडू आलं न्हाई. आलं की कळवतो. तुला आलं तर तू कळव.

बेगम उभी हाय. उस्ताद म्हनतो बेअरिंग मिळत न्हाई ह्या गाडीची, हैदराबादला हुडकू. मी म्हनलो, हुडकू. आता कीट मी खरवडून काढलंय, पत्र्यानं, समदं. माझी बोटं जाड, लई येळ लागला.

पाळन्याला येतो. अव्वाला बी आनतो. बसनं, कडगंचीच्या फाट्यावर उतरतो. जाळी पिशवीत घालून आनायलोय. राकेलचा वास अजून मारायलाय, चन्नव्वा लेकराजवळ येऊ देनार न्हाईत, तर भाईर अंगनातच देतो तुझ्या हातात. सूर्याकडं धर.

मी धरून बघितली. एक बी भोक बुजलेलं न्हाई.

हावग्या